पोटात गोळा येतो तेव्हा : भीती वेगळी, धोका वेगळा

पाऊस ओसरू लागला की जत्रांचे दिवस येतात. सप्टेंबरात वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, डिसेंबरात माहीमची, आणि पुढे चैत्रापर्यंत गावोगावच्या यात्रा. मैदानात आकाशपाळणा उभा राहतो. शेजारी कोलंबस नावाचे झुलते जहाज, टोराटोरा, ब्रेक डान्स आणि लहानांची ड्रॅगन गाडी. याच काळात शाळा-कॉलेजच्या सहलीही निघतात आणि रोलर कोस्टर असलेल्या मोठ्या उद्यानांत जातात.

अशा प्रत्येक घोळक्यात एक जण खाली थांबतो. सगळ्यांच्या पिशव्या, चपला, मोबाईल त्याच्याकडे. विचारले तर म्हणतो, "मला आवडतच नाही." खरोखरच आवडत नसेल तर विषय संपला. पाळण्यात न बसणे हा काही आजार नाही. पण पुष्कळदा मनात बसायचे असते आणि पाय पुढे पडत नाहीत. वर मित्र हसतात, दादा चिडवतो, आणि मूल ठरवून टाकते की आपण भित्रेच आहोत.

आरोग्याच्या पानावर पाळण्याची भीती कशाला, असे कोणी विचारेल. आमचे उत्तर असे की ही भीती पाळण्यापाशी थांबत नाही. उंचीला घाबरणारी आजी पुनर्वसनाच्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर राहायला गेली की गॅलरीत पाऊल टाकत नाही. लिफ्टला घाबरणारी मावशी रोज जिने चढून गुडघे दुखवून घेते. रेल्वेच्या पुलाला घाबरणारा माणूस रूळ ओलांडतो आणि खऱ्या संकटात सापडतो. उलट बाजूही आहे. कशालाच न घाबरणारी पोरे पाळण्याचा दांडा न लावता उभी राहतात आणि अपघात होतो.

म्हणून या लेखातून एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. भीती वेगळी आणि धोका वेगळा. भीती सरावाने कमी होते. धोका सरावाने कमी होत नाही, तो डोळे उघडे ठेवून तपासावा आणि टाळावा लागतो. आधी भीतीचे बघू, मग धोक्याचे.

शरीरात नेमके काय होते

आपल्या मेंदूत संकटाची सूचना देणारा एक लहानसा भाग असतो. उंची, वेग, मोठा आवाज, अचानक पडणे यांपैकी काहीही जाणवले की तो लगेच इशारा देतो. मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींतून अ‍ॅड्रेनॅलिन रक्तात येते. छाती धडधडते, श्वास भरभर चालतो, तळहातांना घाम सुटतो, तोंड कोरडे पडते, पायांत कापरे भरते. पळता यावे किंवा झुंजता यावे यासाठी शरीराने केलेली ही तयारी आहे. निरोगी माणसाला तिच्यापासून इजा होत नाही आणि ती काही मिनिटांत आपोआप ओसरते.

काहींच्या बोटांना मुंग्या येतात, डोके हलके होते. भरभर श्वास घेतल्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्याचा हा परिणाम. श्वास संथ केला की तो जातो.

पोटात गोळा येतो त्याचेही कारण साधे आहे. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गाडी गतिरोधकावरून उडाली की जे वाटते, तेच रोलर कोस्टर उतारावर पडताना वाटते. गाडी आणि आपण एकाच वेगाने खाली येत असल्यामुळे बाकाचा आधार क्षणभर सुटल्यासारखा होतो आणि पोटातले अवयवही क्षणभर हलके होतात. खालच्या वळणावर उलटे घडते. तिथे शरीर बाकावर दाबले जाते आणि आपले वजन वाढल्यासारखे वाटते.

मळमळ आणि गरगरणे कानातून येते. कानाच्या आतल्या भागात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोके कोणत्या बाजूला फिरते आहे ते त्या मेंदूला कळवतात. डोळे गच्च मिटले की कान सांगतात 'फिरतो आहोत' आणि डोळे काहीच सांगत नाहीत. या गोंधळातून मळमळते. म्हणजे घाबरून डोळे मिटणारा माणूस स्वतःचा त्रास वाढवून घेतो.

हे कळले म्हणून भीती लगेच जात नाही. पण एवढे नक्की कळते की धडधड म्हणजे हृदयविकार नव्हे, कापरे म्हणजे दुबळेपणा नव्हे आणि घाबरलेल्या मुलाला कसलीही बाधा झालेली नसते. त्याला गंडादोरा नको. त्याला माहिती हवी आणि सराव हवा.

रोलर कोस्टर चालते कशी

ज्याची रचना कळत नाही त्याची भीती जास्त वाटते. म्हणून थोडी रचना समजून घेऊ.

रोलर कोस्टरचे मूळ रशियात आहे. तिथे हिवाळ्यात लाकडी उतारांवर बर्फ गोठवून लोक त्यावरून घसरत. चाकांच्या गाड्या नंतर आल्या. १८८४ साली अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड येथे लामार्कस थॉम्प्सन यांनी अशी गाडी सुरू केली. तिचा वेग ताशी १० किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे आपल्या सायकलएवढा. तरी लोक रांगा लावून बसत. आकाशपाळण्याचे म्हणाल तर १८९३ साली शिकागोच्या प्रदर्शनात जॉर्ज फेरिस या अभियंत्याने सुमारे ८० मीटर उंचीचे लोखंडी चाक उभारले. इंग्रजीत आकाशपाळण्याला आजही त्यांचेच नाव आहे. आपल्याकडे दिल्लीत १९८४ साली अप्पूघर, मुंबईजवळ गोराईला १९८९ साली एस्सेलवर्ल्ड आणि खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झाले. यांपैकी अप्पूघर आणि एस्सेलवर्ल्ड आता बंद आहेत.

बहुतेक रोलर कोस्टरना स्वतःचे इंजिन नसते. एक साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढत नेते. तो चढ सहसा सर्वांत उंच असतो. तिथून गाडी सोडली की पुढचा प्रवास उताराच्या जोरावर होतो. घर्षणामुळे वेग हळूहळू कमी होत जातो, म्हणून पुढचे चढ पहिल्यापेक्षा लहान ठेवलेले असतात.

चढताना खालून टक-टक-टक असा आवाज येतो आणि बसलेल्यांचे काळीज हलते. काहीतरी तुटते आहे असे वाटते. बहुतेक ठिकाणी हा आवाज गाडीखालची लोखंडी खीळ रुळावरच्या दात्यांवरून सरकण्याचा असतो. साखळी तुटलीच तर गाडी मागे घरंगळू नये म्हणून ही खीळ दात्यात अडकते. ज्या आवाजाने सर्वाधिक भीती वाटते, तो आपल्या राखणीचा आवाज आहे.

गाडी रुळावरून उडत का नाही? कारण तिला तीन प्रकारची चाके असतात. काही रुळाच्या वर, काही बाजूला आणि काही रुळाच्या खाली. खालच्या चाकांची रचना जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने केली आणि १९१९ च्या सुमारास तिचे पेटंट घेतले. तिन्ही बाजूंनी रूळ पकडल्यामुळे गाडी वर उचलली जाऊ शकत नाही. एकाच मार्गावर दोन गाड्या असतील तर मार्गाचे भाग पाडलेले असतात आणि पुढचा भाग मोकळा झाल्याशिवाय मागची गाडी सोडली जात नाही. म्हणून कधी गाडी चढावरच थांबते. अनेकदा ती बिघडलेली नसते, यंत्रणेने तिला मुद्दाम थांबवलेले असते. आकाशपाळण्यातही आपण अगदी वर असताना चाक थांबते, कारण खालच्या पाळण्यात माणसे चढत-उतरत असतात.

भीती कशी वाढते आणि कशी उतरते

समजा, एक मुलगी रांगेत उभी आहे. नंबर जवळ येतो तशी धडधड वाढते. शेवटच्या क्षणी ती रांगेतून बाहेर पडते आणि एकदम हायसे वाटते. मेंदू या हायसे वाटण्यातून एक धडा शिकतो, 'पळालो म्हणून वाचलो.' पुढच्या वर्षी तो आणखी लवकर घाबरवतो. दरवेळी टाळल्याने भीती अशीच घट्ट होत जाते.

याउलट, भीती असतानाही माणूस थोडा वेळ तिथेच थांबला आणि काही वाईट घडले नाही, तर धडधड आपोआप उतरते आणि मेंदू दुसरा धडा शिकतो, 'थांबलो तरी काही झाले नाही.' हाच धडा पुन्हा पुन्हा मिळाला की भीती मोडते.

जर्मन कवी गटे तरुणपणी १७७० साली कायदा शिकायला स्ट्रासबर्ग शहरात आले. उंचीवर गेले की त्यांना घेरी येत असे. तिथल्या मोठ्या चर्चचा मनोरा सुमारे १४२ मीटर उंच आहे. गटे एकटेच त्यावर चढत. माथ्याजवळच्या आडोशाला बसून राहत आणि धीर आला की बाहेरच्या अरुंद चौथऱ्यावर येऊन उभे राहत. असे त्यांनी पुन्हा पुन्हा केले, तेव्हा त्या उंचीचे काहीच वाटेनासे झाले. मोठ्या आवाजाचाही त्यांना त्रास होई. त्यासाठी ते संध्याकाळी सैनिकांच्या ढोलांजवळून चालत. हे सारे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. पुढे डोंगर चढताना आणि बांधकामाच्या उघड्या तुळयांवरून चालताना हा सराव कामी आला, असेही ते सांगतात. परातींवर चढणारे आपले रंगारी आणि गवंडीभाऊ हीच गोष्ट कामातून शिकलेले असतात. पहिल्या दिवशी त्यांचेही पाय लटपटलेले असतात.

दुसरे उदाहरण मुलाचे आहे. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ महिलेने मुलांची भीती कशी जाते याचा अभ्यास प्रसिद्ध केला. पीटर नावाने ओळखला जाणारा, अजून तीन वर्षांचाही न झालेला एक मुलगा सशाला घाबरत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूर ठेवला गेला. नंतर रोज थोडा जवळ. सशाला न घाबरणारी इतर मुलेही सोबत खेळत. शेवटी पीटर सशाला हात लावून खेळवू लागला. जोन्स यांनी इतर उपायही तपासले. नुसते समजावून सांगणे किंवा चिडवणे, थट्टा करणे यांनी भीती जात नाही, असे त्यांना आढळले. उपयोग झाला तो दोन गोष्टींचा : आवडत्या गोष्टीच्या सोबतीने हळूहळू जवळ जाणे आणि न घाबरणाऱ्या मुलांसोबत राहणे.

आज मानसोपचारात भीतीवर जो सराव करून घेतात, त्याचा पाया हाच आहे.

पायऱ्या कशा आखाव्या

एक वही घ्या. भीतीला ० ते १० गुण द्या. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे सहन होणार नाही. मग सोप्या पायरीपासून सुरुवात करा. पहिल्या काही पायऱ्यांना तिकीट लागत नाही.

१. बागेतल्या झोक्यावर बसा. आधी हळू, मग थोडा उंच. त्या झोक्यातही पोटात गोळा येतो. तो ओळखीचा होऊ द्या.

२. शाळेच्या किंवा इमारतीच्या वरच्या मजल्यावर, पक्क्या कठड्याच्या आत, कोणासोबत उभे राहून दूरवर बघा. भीती निम्म्यावर येईपर्यंत थांबा.

३. जत्रेत आकाशपाळण्याजवळ उभे राहून दहा फेऱ्या मोजा. उतरणाऱ्यांचे चेहरे बघा. आज बसायचे नाही, हे आधीच ठरवून जा.

४. लहान चक्रीपाळण्यात किंवा ड्रॅगन गाडीत बसा. मोठ्यांना परवानगी नसेल तर दुसरा संथ पाळणा निवडा.

५. आकाशपाळण्यात विश्वासाच्या माणसासोबत बसा. एक फेरी झाली की उतरून पाणी प्या आणि गुण लिहा. जमले तर त्याच दिवशी पुन्हा बसा. दुसऱ्या फेरीचे गुण बहुधा कमी येतात.

६. कोलंबसमध्ये अगदी मधल्या बाकावर बसा. जहाजाची दोन्ही टोके सर्वाधिक उंच जातात, मधला भाग सर्वांत कमी.

७. सहलीत आधी लहान रोलर कोस्टर, मग मोठे. मोठ्यातही मधला डबा निवडा. शेवटच्या डब्याला उतारावर जास्त हिसका बसतो.

एका पायरीवर भीती ३ किंवा ४ पर्यंत उतरली की पुढची पायरी. नाही उतरली तर तीच पायरी पुन्हा. मधली पायरी अवघड वाटली तर तिचे दोन भाग करा. महिना लागो की वर्ष, घाई कोणालाच नाही. आणि कोणी पाचव्या पायरीवर थांबून म्हणाले की मला एवढेच पुरे, तर तेही पूर्ण यश आहे.

बसल्यावर काय करावे

पाठ आणि डोके बाकाला टेकवून ठेवा. डोळे उघडे ठेवा आणि पायांकडे न बघता गाडी जिकडे जाणार तिकडे बघा. वळण आधी दिसले की शरीर तयार होते. चार आकडे मोजत श्वास आत घ्या आणि सहा आकडे मोजत सोडा. रांगेत असल्यापासूनच हे सुरू करा. उतारावर श्वास रोखू नका. ओरडावेसे वाटले तर खुशाल ओरडा, ओरडताना श्वास आपोआप बाहेर पडतो. रोलर कोस्टरची फेरी साधारण दोन-तीन मिनिटांत संपते, हे स्वतःला सांगत राहा.

रिकाम्या पोटी बसू नका आणि तुडुंब जेवूनही बसू नका. तास-दोन तास आधी हलके खाणे बरे. धीर यावा म्हणून दारू पिऊन बसणे सर्वांत वाईट. दारूने तोल जातो, उलटी होते आणि धोका कळेनासा होतो.

घरच्यांनी आणि मित्रांनी

मुलाला ओढून, उचलून पाळण्यात टाकू नका. 'एकदा बसला की भीती मोडेल' असे म्हणत जबरदस्ती केली तर मूल एवढेच शिकते की आपल्या 'नको'ला घरात किंमत नाही. भीतीही वाढते. चिडवू नका, व्हिडिओ काढून गटात पाठवू नका. 'मुलगा असून घाबरतोस?' असे म्हणू नका, आणि 'मुलींना कशाला हवे ते?' असेही म्हणू नका. भीती मुलगा-मुलगी बघत नाही आणि मजेचा हक्कही दोघांना सारखाच.

मुलाला विचारा, 'कोणत्या गोष्टीची भीती वाटते? उंचीची, वेगाची, की उलटी होईल याची?' उत्तरावर पायऱ्या ठरतात. सोबत बसणारा माणूस शांत हवा. आई स्वतः घाबरत असेल तर तिने लपवू नये. 'मलाही भीती वाटते, आपण दोघी मिळून थांबू' हे मुलीला अधिक धीर देते.

कोणी बसू नये

आता धोक्याकडे वळू. पुढील माणसांनी जोराच्या पाळण्यांत आणि रोलर कोस्टरमध्ये बसू नये, किंवा आधी डॉक्टरांना विचारावे : हृदयविकार असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, पक्षाघात होऊन गेलेले, मान किंवा पाठीच्या मणक्यांचा त्रास असलेले, फिट येणारे, नुकतेच ऑपरेशन झालेले किंवा हाड मोडलेले, डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेले. गरोदर बाईने बसूच नये. दम्याच्या रुग्णाने आपला पंप सोबतच्या माणसाकडे देऊन ठेवावा. इन्सुलिन घेणाऱ्याने सहलीच्या नादात जेवणाची वेळ चुकवू नये.

विदर्भातल्या आपल्या घरांसाठी एक सूचना महत्त्वाची आहे. सिकलसेलचा आजार असलेल्या मुलाला पाणी कमी पडणे, अति श्रम आणि अचानक थंडी यांमुळे तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. सहलीचा दिवस उन्हात, धावपळीत जातो आणि त्यानंतर थंड पाण्याच्या खेळांत उडी मारली जाते. म्हणून सहलीआधी डॉक्टरांना विचारा, बाईंना किंवा सरांना आजाराची माहिती लिहून द्या, पाण्याची बाटली सोबत द्या, अधूनमधून सावलीत विश्रांती घ्यायला सांगा. मुलाला घरी बसवण्याची गरज नाही, सांभाळून पाठवण्याची आहे.

फेरीनंतर छातीत दुखले, शुद्ध हरपली, हात-पाय लुळा पडला, बोलणे अडखळले, तीव्र डोकेदुखी किंवा सारख्या उलट्या झाल्या, नजर धूसर झाली, तर ती भीती समजून थांबू नका. १०८ वर रुग्णवाहिका बोलवा किंवा लगेच दवाखाना गाठा.

जत्रेतला पाळणा : बसण्याआधी पाच मिनिटे

मोठ्या उद्यानातली यंत्रे एकाच जागी कायम असतात. जत्रेतला पाळणा मात्र ट्रकमधून येतो, दोन-चार दिवसांत जोडला जातो आणि जत्रा संपली की सुटा होतो. प्रत्येक जोडणीत चूक होऊ शकते. त्याला प्रशासनाची परवानगी लागते आणि ती विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. मोठ्या माणसांनी पाच मिनिटे काढून हे बघावे :

पाळण्याचे पाय सपाट, कडक जमिनीवर आहेत का? विटा-फळ्यांचे तुकडे घालून उंची जुळवली असेल, पावसाने जमीन भुसभुशीत झाली असेल तर बसू नका.

फिरताना संपूर्ण सांगाडा डुलतो का, नवीन खडखडाट किंवा करकर येते का?

प्रत्येक बाकाला दांडा किंवा पट्टा आहे का आणि त्याची खीळ नीट लागते का? खिळेच्या जागी दोरी किंवा तार बांधली असेल तर उतरा.

चालवणारा माणूस स्वतः प्रत्येकाचा दांडा तपासतो का, की मोबाईलवर बोलतो आहे? ठरल्यापेक्षा जास्त माणसे कोंबतो का?

भोवती कुंपण आहे का? विजेच्या उघड्या तारा लोंबत आहेत का? वारा-पाऊस सुटल्यावरही पाळणा चालूच आहे का?

यांपैकी एका जरी गोष्टीची शंका आली तर पैसे गेले तरी चालतील, बसू नका. आयोजकांना आणि बंदोबस्तावरच्या पोलिसांना सांगा. तुमच्या सांगण्याने मागच्या रांगेतले मूल वाचू शकते.

मुलींनी आणि बायांनी केस घट्ट बांधून आत घ्यावेत, ओढणी काढून ठेवावी किंवा कमरेला आवळून बांधावी, पदर खोचावा. फिरत्या यंत्रात केस किंवा ओढणी अडकून गंभीर दुखापती झाल्याचे प्रकार आपल्याकडे घडले आहेत. चष्मा, मोबाईल, सुटी चप्पल खाली ठेवावी. मुलाची उंची नियमापेक्षा कमी असेल तर खोटे सांगून त्याला बसवू नये. दांडा ठरावीक मापाच्या शरीरासाठीच बनवलेला असतो, लहान मूल त्याखालून निसटू शकते.

भीती पाळण्यापुरती नसेल तर

काहींची भीती पसरते. पूल, लिफ्ट, जिना, गर्दीची लोकल, सगळीकडे छाती धडधडते. शाळा, नोकरी, बाजार टाळले जाऊ लागतात. झोप उडते. अशा वेळी वरच्या पायऱ्या एकट्याने करत बसू नका. सरकारी जिल्हा रुग्णालयांत मानसिक आरोग्याची सेवा मिळते. टेली मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. तिथे फोन केला म्हणजे कोणी वेडा ठरत नाही. दात दुखला तर दातांच्या डॉक्टरकडे जातो, तसेच हे.

नव्या इमारतीत राहायला गेलेल्या ज्येष्ठांसाठीही हाच मार्ग आहे. पहिल्या दिवशी लिफ्टचा दरवाजा उघडा ठेवून आत-बाहेर करा, दुसऱ्या दिवशी सोबतीने एक मजला, मग दोन. गॅलरीत आधी दारात खुर्ची टाकून बसा, मग रोज खुर्ची थोडी पुढे. सुनेने, नातवाने रोज दहा मिनिटे सोबत बसावे. औषधाच्या गोळीइतकाच हा वेळ आजीला लागतो.

या महिन्यात एवढे करा

घरातल्या प्रत्येकाने, लहान-मोठ्या सगळ्यांनी, आपली एक भीती कागदावर लिहावी. तिच्यासमोर लिहावे, यात खरा धोका किती आणि नुसती भीती किती. धोका असेल तर तो कसा टाळायचा ते ठरवावे. भीती असेल तर तिच्या पाच पायऱ्या पाडाव्या आणि पहिली पायरी याच आठवड्यात चढावी. कोण कितवीपर्यंत पोहोचले, याची तुलना करू नये. रविवारी सगळे एकत्र बसले की एकमेकांचे कागद वाचावे आणि पुढच्या पायरीला कोण कोणासोबत जाणार, ते ठरवावे.